बंपरवरची फिल्टरांची माळ

"विसरलो नाय हां," असं म्हणताना माझा ट्रकवाला शेजारी उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायचा. डिझेलचे दोन थेंब बोटावर घेऊन पारखायची त्याची जुनी सवय होती. पुढे समोर डिझेल नसलं तरी बोटं चालू राहायची.

डहाणूहून कासाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची घरं शेजारी शेजारी. माझ्या वाडीचा चिकू त्याच्याच ट्रकमधून जायचा. राग जपणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण याची तऱ्हा वेगळी होती. महालक्ष्मीच्या जत्रेत एकाने त्याला ओळख दाखवली नाही. त्याच माणसाच्या मुलीच्या लग्नात हा गेला, पंगतीत जेवला, आहेर केला आणि वधूपित्याशी एक शब्द न बोलता परतला. चारोटीच्या एका धाब्यावर त्याला शिळी डाळ वाढली होती. तेव्हापासून त्या धाब्यासमोरून जाताना तो जेवणाऱ्यांना ठसका लागेल इतका लांब हॉर्न वाजवायचा.

"एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसतोस?" मी म्हणायचो.

"भाऊ, तुमी एवढे हिशेबी. मंग ह्याचा हिशेब कोन ठेवनार?"

तलासरीच्या अलीकडे हायवेवर बायोडिझेलचा एक पंप निघाला. मालकाला सगळे शेठ म्हणत. भाव कमी, म्हणून ट्रकांची रांग लागली. माझा शेजारीही तिथेच टाकी भरून घेऊ लागला.

नीट सांगायचं तर दोष बायोडिझेलचा नाही. डिझेलमध्ये ठरल्या प्रमाणात मिसळलेलं असलं तर ट्रक खुशाल चालतात. पण प्रमाण वाढलं की ते जुन्या टाकीतला गाळ सोडवतं आणि फिल्टरमध्ये आणून बसवतं. भरताना हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. शेठने ते कोणालाच सांगितलं नाही. शिवाय त्याच्या तेलात भेसळ होती. पुढे मी कंपनीच्या पंपावरचं डिझेल आणि शेठचं तेल दोन काचेच्या बाटल्यांत भरून ओट्यावर ठेवलं. कंपनीचं जसंच्या तसं राहिलं. शेठच्या बाटलीत तळाला पाणी साचलं आणि वर गढूळ साय धरली.

दिल्लीला चिकू घेऊन निघालेला ट्रक सुरतेच्या पुढे बंद पडला. त्याने फिल्टर बदलला, तोही चोंदला. मग इंजिनाचा पंप गेला. दुसरी गाडी मिळेपर्यंत उन्हात चिकू पिकून वाहू लागला. त्यात माझं फळ होतं, पण बराचसा माल डहाणूच्या दोन दलालांचा होता.

"गाडीची देखभालच नाही करत हा," दलाल बाजारभर सांगत सुटले. "याच्या भरवशावर माल कोण देणार?"

इंजिनाचं नुकसान त्याने सोसलं असतं. पण ज्या ट्रकला तो रोज सकाळी स्वतः फडकं मारायचा, त्याच्याविषयी हे ऐकणं त्याला सोसेना. तो शेठकडे गेला. बाटली घेऊन मीही गेलो.

"शेठ, दलालांना एवढंच सांगा. चूक गाडीची नव्हती, तेलाची होती."

"अरे, रिपेअरिंग करून देतो ना मी. बोलायचं कशाला?"

"रिपेअरिंग ठेवा तुमच्याकडं. चार मानसांसमोर बोला."

शेठ हसला. "तू कोण लागून गेलास रे? चल, चहा पी."

चहा तसाच राहिला.

शेठच्या पंपाच्या बरोबर समोर माझ्या शेजाऱ्याच्या मेहुण्याची पडीक जागा होती. तिथे त्याने ट्रक ओढून आणून उभा केला आणि बंपरला, जिथे आपण लिंबू-मिरची बांधतो तिथे, काळाकुट्ट फिल्टर टांगला. विचारेल त्याला तो सगळी कथा सांगायचा. मग दुसरे ड्रायव्हरही आपापले चोंदलेले फिल्टर आणून बांधू लागले. बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माळ झाली. शेठच्या माणसांनी ती एकदा कापली, तर पुढच्या आठवड्यात दुप्पट झाली.

"तोरण बांधलंय, शेठ! या की घरात!" तो रस्त्यापलीकडून ओरडायचा.

समोर बसून बसून त्याने एक गोष्ट हेरली. शेठची स्वतःची गाडी डिझेलवर चालणारी, पण ती शेठच्या पंपावर कधीच भरली जात नव्हती. एका दुपारी चार-पाच ड्रायव्हर आणि मला घेऊन तो शेठच्या मागोमाग कंपनीच्या पंपावर गेला. शेठच्या गाडीत नळी घातलेली होती.

"काय शेठ, घरचं संपलं काय?"

"जवळ पडलं म्हणून आलो रे."

"जवळ? तुमच्याच पंपावरनं निघालात ना? मागंच होतो आमी."

एकाने मोबाइल धरला होता. "शेठ, घरचं जेवन पचत नाय वाटतं!" दुसरा म्हणाला. शेठने काच वर केली, पण नळी अजून टाकीतच होती, त्यामुळे पळताही येईना. इतकं समाधान मला चांगला भाव मिळाल्यावरही झालेलं नाही.

तो व्हिडिओ ड्रायव्हरांमध्ये फिरला. रांग आटली, पंप बंद पडला. दलाल मात्र ढिम्म. "पंप बंद झाला म्हणून गाडी चांगली ठरते का?" ते म्हणाले. माझ्या एकट्याच्या फळाने ट्रक भरत नव्हता. तो दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला. यंदा कावीळ झाली आणि तो गेला.

बाराव्याला अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. दोन्ही दलाल आले होते. जेवणं व्हायच्या आधी शेठही आला. त्याला हायवेवर पुन्हा पंप काढायचा होता आणि ट्रकवाले त्याला दारात उभं करत नव्हते. माझ्या शेजाऱ्याच्या बायकोपुढे हात जोडून तो हळूच म्हणाला, "वहिनी, त्याच्या गाडीची चूक नव्हती. तेल माझं खराब होतं."

तिने पदर सारखा केला. "मोठ्यानं बोला, शेठ. मागच्यांना ऐकू आलं नाय."

शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. दलालांनी माना खाली घातल्या.

"बरं," ती म्हणाली आणि पंगतीची पानं मोजायला वळली. शेठला पाणी विचारायला कोणी उठलं नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. शेठ त्या खुर्चीकडे येऊ लागला, तशी मी ती उचलली, घडी घातली आणि भिंतीला टेकवून ठेवली.