सकाळचा निरोप

तोताराम शिंदखेड्याकडचा. बीएस्सी झाल्यावर पुण्यात मामाकडे राहून तो कॉम्प्युटर शिकला आणि पाटबंधारे खात्याच्या धुळ्यातल्या कार्यालयात चिकटला. अठ्ठ्याण्णव साली साहेबांनी त्याला काम दिलं: धरणावरून आलेला निरोप टेलिफोनच्या तारेवरून तालुक्याच्या कचेरीत आपोआप पोचला पाहिजे. तोतारामने दोन महिने खपून प्रोग्राम लिहिला. लाइन तुटली तर निरोप राखून ठेवायचा, पोच येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवायचा. एकही निरोप हरवता कामा नये, हा त्याचा हट्ट होता.

निरोपांना क्रमांक द्यावेत, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण पावसाळा तोंडावर होता. "आधी पोचू तर द्या, क्रमाचं नंतर बघू," साहेब म्हणाले. त्याने एकाच टेबलावर दोन कॉम्प्युटर ठेवून चाचणी घेतली. सगळे निरोप ओळीने गेले.

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला धरणावरून निरोप निघाला: 'पाणी सोडणार नाही. काठच्या लोकांनी घरीच राहावे.' धुळ्यापर्यंत तो आला, पण पुढची लाइन मेली होती. प्रोग्रामने तो राखून ठेवला. दुपारी एकला लाइन जागी झाली आणि त्याच वेळी दुसरा निरोप आला: 'चार दरवाजे उघडत आहोत. काठ ताबडतोब रिकामा करा.' ताजा निरोप थेट गेला; राखलेल्याची पुन्हा पाठवायची पाळी अजून पाऊण तासाने होती. तालुक्याहून पोलीस पाटलाला सांगावा गेला, आणि काठावरचं गाव पोराबाळांसकट टेकडीवर चढलं.

पावणेदोनला तोतारामच्या पडद्यावर ओळ उमटली: सकाळचा निरोप पोचला.

तो खूश झाला. जवळजवळ पाच तास अडकलेला निरोपसुद्धा हरवला नव्हता! त्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. तालुक्यातला प्रिंटर कागदावर वेळ छापायचा ती निरोप पोचल्याची, निघाल्याची नव्हे. तसं त्यानेच ठरवलं होतं. म्हणजे तिथल्या कारकुनाच्या हातात आता पावणेदोनचा कागद होता, आणि त्यावर लिहिलेलं होतं, घरीच राहा.

त्याने फोन फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. नवा निरोप टाइप केला, तोवर लाइन परत गेली होती. पडद्यावर 'राखून ठेवला' एवढंच दिसत राहिलं. तो धावत खाली गेला आणि जीपचा ड्रायव्हर मगन याचा हातच धरला.

"मगनभाऊ, चला! लोक खाली उतरत असतील!"

वाटेत दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं. एका फरशीवर, नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, जीप बंद पडली, तेव्हा तोताराम कमरेएवढ्या पाण्यात उतरून ढकलू लागला. ढकलताना तो रडत होता. पाऊस असल्यामुळे मगनला ते कळलं नाही.

गावात पोचले तेव्हा चार वाजत आले होते. लोक खरंच घरी परतले होते, चुली पेटल्या होत्या. तोताराम गल्लीगल्लीतून ओरडत सुटला. "पाणी येतंय! वर चला!" एक म्हातारा त्याच्यावर खेकसला, "आते तुम्हीच सांगं ना, घर जा म्हनीसन!" तरी नदीचा आवाज ऐकून माणसं पळाली. गावातल्या नथ्थूची बायको भिकुबाई तेवढी खालच्या अंगाला दाव्याला बांधलेली म्हैस सोडायला गेली. ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर बाभळीत सापडली.

चौकशीत टेलिफोनच्या तारांवर दोष गेला. तोतारामने मात्र लिहून दिलं की, तारा तुटणारच होत्या, चूक प्रोग्रामची आणि तो लिहिणाऱ्याची. "हा कागद फाडा, स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेता?" साहेबांनी समजावलं. त्याने फाडला नाही. बदलीचा हुकूम हातात पडण्याआधी चार दिवस बसून त्याने प्रत्येक निरोपाला क्रमांक आणि निघाल्याची वेळ जोडली. मागाहून आलेल्या जुन्या निरोपावर ठळक अक्षरांत 'जुना' छापण्याची सोय केली.

मग तो नथ्थूकडे गेला. ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं, आधीचा निरोप नंतर आणि नंतरचा आधी कसा पोचला ते.

नथ्थूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तुन्हं सांगनं खरं शे. पन मी तिले सांगेल व्हतं, सरकारना कागद शे, भ्याऊ नको."

नथ्थूने त्याला जा म्हटलं नाही, की बस म्हटलं नाही. शेवटी तोतारामच उठला. पुढल्या वर्षी नोकरी सोडून तो एरंडोलला शाळेत गणित शिकवू लागला. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा हेडमास्तरांनी ते शिकवायला सांगून पाहिलं, पण त्या खोलीत तो कधी गेला नाही.