‘आहे’ म्हणणारा माणूस

माझ्या धाकट्या भावाला मुंबईच्या एका कंपनीच्या हॉकी संघाच्या मॅनेजरने फसवलं. मलाही फसवलं, पण माझं सोडा. मी रेती-विटांच्या धंद्यातला माणूस. फसवणारे रोज भेटतात आणि मी त्यांना पुरून उरतो. भाऊ पुरून उरणारा नव्हता. तो फुलबॅक होता.

फुलबॅकने गोलकीपरच्या पुढे उभं राहून चेंडू अडवायचा, पुढच्यांना द्यायचा आणि जागेवर राहायचं, असं बाकीचं जग मानतं. भाऊ चेंडू अडवायचा आणि तो घेऊन स्वतःच निघायचा, थेट समोरच्या गोलपर्यंत. बचाव करणाऱ्या माणसाने इतके गोल केलेले आमच्याकडे कोणी पाहिले नव्हते.

याला कारण आमचं मैदान. वसईजवळच्या आमच्या उमेळे गावात भात कापून झालं की त्याच शेतात आम्ही हॉकी खेळायचो. शेजारच्या केळीच्या वाडीचं पाणी झिरपून मैदानाच्या बरोबर मध्ये एक पट्टा कायम ओला असायचा. मागून मारलेला चेंडू त्या ओलीत जाऊन बसायचा. तेव्हा बॅकनेच चेंडू स्टिकवर घेऊन ओल पार करायची, ही आमची रीत. तो निघाला की त्याच्या बाजूच्या हाफने, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूने, मागे सरकून त्याची जागा धरायची आणि मोठ्याने ओरडायचं, ‘आहे!’ ते ऐकलं की बॅकने मागे वळून बघायचं नाही.

भावाच्या बाजूचा हाफ मी होतो. माझ्या नावावर एकही गोल नाही. मी ‘आहे’ म्हणायचो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याचं ज्युनियरचं वय संपलं. त्यापुढे आमच्याकडे दोनच रस्ते: खेळावर एखाद्या कंपनीत चिकटायचं, नाहीतर स्टिक माळ्यावर टाकायची. वसई रोडच्या पूर्वेला तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या. माझा धंदा नुकताच मार्गी लागला होता आणि मी त्याला त्यात सहज घेतला असता. पण आईला एक मुलगा तरी पगारावर हवा होता आणि भावाला हॉकीशिवाय काही नको होतं.

नाताळच्या आठवड्यातल्या आमच्या स्पर्धेला मॅनेजर स्वतः त्याला बघायला आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री. सामना संपल्यावर मी त्यांना शहाळं दिलं आणि बाकावर शेजारी बसलो.

“डिफेंडर म्हणून कच्चा आहे,” ते म्हणाले. “जागा सोडतो.”

“सोडल्यावर जागा रिकामी दिसली का तुम्हाला?”

“नाही. तिथे तुम्ही होतात.”

“मग कच्चा कुठे?”

“अहो, ज्युनियरमध्ये चालतं हे. सीनियरचे फॉरवर्ड फाडून खातील त्याला. उंची कमी. डावी बाजू कमजोर. हे चिखलातलं उचलणं टर्फवर काय कामाचं?”

गिऱ्हाईक मालाला इतकी नावं ठेवायला लागलं की त्याला माल हवा आहे, हे मला कळतं. मी म्हणालो, “मग राहू द्या साहेब. शहाळं संपवा, निघा सावकाश.”

ते निघाले नाहीत. शहाळं संपलं तरी ते त्यातल्या मलईत बोट घालत बसले. शेवटी म्हणाले, “दोन सीझन तात्पुरता घेतो. पुढे जाऊन खेळला तर कायम करायची शिफारस माझी.”

मी एकच अट घातली. “तो पुढे गेला की मागे माणूस पाहिजे. हा माल जोडीचा आहे साहेब, तुम्ही अर्धा नेताय.”

“माणूस ठेवतो. दिला शब्द.” त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात चिकट होता.

आईने विचारलं, “तिथं खेळताना पानी तरी देतात का?” देतात म्हटल्यावर तिने परवानगी दिली.

टर्फवर, म्हणजे त्या कृत्रिम गवतावर, चेंडू रुतवणारी ओल नसते. मागून दिलेला चेंडू सरळ पुढे पोहोचतो. पहिल्याच सीझनला भावाला सांगण्यात आलं: अडव, दे आणि उभा राहा. बाजूचे हाफ जुने, कंपनीत कायम झालेले. नव्या पोरासाठी मागे सरकायची त्यांना काही गरज नव्हती.

“दादा, मी निघताना ‘आहे’ ऐकायला थांबतो,” भाऊ म्हणाला. “कोणी म्हणतच नाही.”

“मग सांग ना त्यांना.”

“सांगितलं. हसले. आता मला हाकच मारतात, ‘ए आहे-का, इकडे ये!’”

मी मुंबईला जाऊन मॅनेजरना आठवण करून दिली. ते म्हणाले, “बघतो.” दुसऱ्या सीझनला पुन्हा गेलो, तेव्हा तेच मला म्हणाले, “तुमचा भाऊ पुढे जात नाही हो. ज्यासाठी घेतला तेच करत नाही. वर काय लिहून देऊ मी?”

“पाय तुम्हीच बांधलेत आणि पळत नाही म्हणता? मागे माणूस कुठाय?”

“प्रत्येकाला माणूस द्यायला ही काय लग्नाची वरात आहे?”

मग माझा आवाज चढला. मैदानाबाहेरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं एकही वाक्य मला मागे घ्यायचं नाही.

शेवटचा सामना मी रेषेबाहेर उभा राहून पाहिला. कायम करायचं की नाही, हे त्यानंतर ठरणार होतं. बरोबरी चालली होती. भावाने चेंडू अडवला. समोर मैदान मोकळं होतं. तो दोन पावलं निघाला आणि थांबला. मान किंचित तिरकी केली. बाकीच्यांना वाटलं असेल, घाबरला. तो ऐकत होता.

मी ओरडलो, “आहे!”

इतक्या वर्षांची सवय. भाऊ सुटला. दोघांना चकवलं, तिसऱ्याला चकवलं, गोलसमोरच्या डीच्या तोंडाशी त्याच्या स्टिकवरून चेंडू निसटला. समोरच्यांनी एकच लांब फटका मारला. चेंडू गेला तो भावाच्या रिकाम्या जागेतून त्यांच्या फॉरवर्डकडे, आणि गोल झाला. त्याच्या बाजूचा हाफ कमरेवर हात ठेवून बघत होता.

“बघितलंत?” मॅनेजर म्हणाले. “जागा सोडतो. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.”

म्हणजे सीझनभर पुढे जात नाही म्हणून वाईट, आणि शेवटी पुढे गेला म्हणून वाईट. एकाच विटेला कच्ची आणि जळकी म्हणणारा माणूस मी धंद्यातही पाहिलेला नाही. भावाची शिफारस झाली नाही.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, “दादा, तुझा आवाज ओळखला. म्हणून गेलो.” तो आता माझ्याकडे वीट बघतो. चांगली बघतो. स्टिक माळ्यावर आहे.

मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांनी वसईतच, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. त्या इमारतीला वीट माझीच गेली आहे, आणि ती पक्की आहे. मागच्या नाताळात आमच्या स्पर्धेला आयोजकांनी पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलं. माइक हातात घेऊन ते म्हणाले, गावातली मुलं तयार असतात, पण सीनियरला टिकत नाहीत; त्यांना शिस्त नसते. भाऊ खाली चुन्याची रेषा मारत होता. तो रेषा मारत राहिला.

मी ओरडलो, हे मी नाकारत नाही. पण ती जागा भरायचा शब्द माझा नव्हता. तो देणारा माणूस आता माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर राहतो. त्याने पुन्हा आमच्या मैदानावर यावं, बाकावर बसावं, शहाळं मी देतो. आणि माझ्याकडे न बघता माझ्या भावाकडे बघून सांगावं, की त्या दिवशी त्याच्या मागे माणूस का नव्हता.