माझी गल्ली सोडून सगळीकडे

दारं वाजवत हिंडणाऱ्या माणसांकडे किस्से आपोआप साठतात. पोस्टमनकडे असतात, गॅसवाल्याकडे असतात, मतं मागणाऱ्यांकडे तर पोत्यानं असतात. आमच्याकडेही आहेत. फरक एवढाच, की पोस्टमनची लोक वाट बघतात!

आम्ही म्हणजे बेळगावातल्या एका छोट्या चर्चमधले तिघं. पास्टरअण्णा, मार्थामावशी आणि मी. रविवारची उपासना संपली, जेवणं झाली की कुठल्या तरी वस्तीत जायचं. दार वाजवायचं, येशूबद्दल दोन शब्द सांगायचे, कुणाला हवी असेल तर पत्रिका द्यायची, नको म्हणाले तर नमस्कार करून पुढच्या दारी. पास्टरअण्णा शांत माणूस. मार्थामावशी रिटायर्ड नर्स, आवाज अजून वॉर्डभर जाणारा. आणि मी? मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. मावशी म्हणतात, "सरिताला पुढं उभी करा. लोक दया येऊन पाणी तरी देत्यात!"

मी मूळची निपाणीची. बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात ऑफिसची नोकरी आणि वडगावात भाड्याची खोली. खाली घरमालकीण आक्कांचे साड्यांचे माग, वर मी. ही खोली मिळेपर्यंत मी बेळगाव पालथं घातलं होतं. नाव विचारायचे, मग आडनाव, मग "तुमच्यात सण कुठलं कुठलं करत्यात?" आणि उत्तर ऐकलं की खोली अचानक पाहुण्यांसाठी लागायची! आक्कांनी एवढंच विचारलं, "मागाचा आवाज सोसंल काय?" त्यांनी पुढचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कळलं त्या दिवशी खोली गेली, असं मी धरूनच चालते.

म्हणून माझी एकच अट. कुठंही चला, माझी गल्ली सोडून.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "येशूनं जगाच्या टोकापर्यंत जावा म्हणून सांगितलंय. वडगाव सोडून, असं कुठं लिवलंय गं?"

*

पहिल्याच रविवारी आम्ही पिरनवाडीला गेलो. ओसरीवर एक आजोबा बसले होते. मावशींनी नमस्कार केला आणि चर्चमध्ये म्हणतात तसं म्हणून टाकलं, "आम्ही साक्ष द्यायला आलोय."

आजोबा ताडकन उठले. "आलासा? किती वाट बघायची वो! या, बसा. अगं, चहा टाक, साक्षीदार आल्यात!"

त्यांची चुलतभावाशी बांधावरून कोर्टात केस चालू होती. चहा आला, चहाबरोबर चिवडा आला आणि बांध कुठून कुठे गेला होता ते आजोबांनी काठीनं जमिनीवर काढून दाखवायला घेतलं. माझ्या मनात आलं, आता कोर्टात उभं करतात की काय! शेवटी पास्टरअण्णांनी हळूच सांगितलं, "आजोबा, आम्ही येशू ख्रिस्ताची साक्ष देतो."

"तेची बी केस हाय?"

"तसं नव्हे..."

"वकील कोण तेचा?"

पास्टरअण्णा म्हणजे पास्टरअण्णा. म्हणाले, "तोच आमचा वकील आहे."

आजोबांनी जरा विचार केला. "मग आमची बी बघंल काय? आमचा तारखंलाच येत न्हाई!"

*

आमच्या भागात दार उघडणाऱ्या माणसाच्या मनात धर्म नंतर येतो. शहापुरात एका घरी मी पत्रिका पुढे केली. गृहस्थांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"हे कन्नडात हाय."

मी सॉरी म्हणून दुसरी काढली. तीही कन्नडच! गडबडीत पिशवीचा कप्पा चुकला होता. गृहस्थांनी दोन्ही परत दिल्या. "बाई, स्वर्गाचं मागनं बघू. आधी मराठीत आणा!"

मग मी खबरदारी घेतली. मराठीच्या सगळ्या वर ठेवल्या आणि पुढच्या दारी आत्मविश्वासानं एक दिली. आतून आलेल्या बाईंनी चष्मा लावला, पहिली ओळ पाहिली आणि चष्मा काढला. "कन्नडदल्लि इल्वा?" म्हणजे, कन्नडात नाही का?

तेव्हापासून पास्टरअण्णा दार वाजवायच्या आधी दारावरची पाटी वाचतात. पाटी इंग्रजीत असेल तर मात्र ते नुसतीच प्रार्थना करतात.

*

एकदा पत्रिकेची भाषा बरोबर होती, पण शब्द चुकला. पाण्याची टंचाई होती. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. अशा दिवसांत मावशींनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आपल्या वॉर्डभर जाणाऱ्या आवाजात सांगितलं, "आम्ही चांगली बातमी घिऊन आलोय!"

एक दार उघडलं. दुसरं उघडलं. बघता बघता अख्खी गल्ली आमच्या दिशेनं पळत सुटली. असं धावून येणारं माणूस हल्ली आमच्याकडे कशाला येतं, ते आम्हाला ठाऊक आहे. मी पास्टरअण्णांच्या मागे लपले आणि डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायला लागले. डोळे उघडले तर समोर घागरी, बादल्या, एक टबसुद्धा!

"सोडलं काय पाणी?" सगळ्यात पुढच्या आजींनी विचारलं.

पास्टरअण्णांना यातही संधी दिसली. म्हणाले, "आजी, आम्ही जिवंत पाण्याबद्दल सांगायला आलोय."

"जितं असू दे न्हाईतर मेलेलं," आजी बादली आपटत म्हणाल्या, "नळाला कवा येतंय ते सांगा!"

*

घरोघरी जाणं एकवेळ सोपं, कारण तिथून परत येता येतं. ऑफिसात रोज तीच माणसं. पास्टरअण्णा म्हणतात, विश्वास उघडपणे जगावा. मी ठरवलं, सुरुवात डब्यापासून करायची. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना. मोठ्यानं नाही, मनात. पण सगळ्यांसमोर!

पहिल्या दिवशी डोळे मिटले आणि आमचे सुपरवायझर पाटीलसर धावले. "मॅडम, चक्कर आली काय? बीपी लो झालं बघा. ए, ग्लुकोजची बिस्किटं आण रं!" सगळ्या टेबलानं मला बिस्किटं खायला लावली. "नाही सर, मी ते..." म्हणेपर्यंत कुणी तरी पंखा माझ्याकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी डब्याशेजारी बिस्किटं आधीच ठेवलेली. मग मी युक्ती केली. डोळे उघडे ठेवून, डब्याकडे बघत प्रार्थना केली. शेजारची सुनीता बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनं कानात विचारलं, "आंबली काय गं भाजी?"

एवढी काळजी करणारी माणसं भोवती असली की उघडपणे जगणं फार अवघड जातं.

*

दुसऱ्याची दारं वाजवणाऱ्यांनी आपलं दार वाजलं तर काय करावं? माझे वडील, अप्पा, निपाणीत शिंप्याचं दुकान चालवतात. येशूवर पक्का विश्वास. दुकानात मशीनच्या वर बायबलमधलं वचन लिहिलेलं आहे. एका सुट्टीत मी घरी असताना सकाळी दार वाजलं. आईनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. सुटाबुटातले दोघं, हातात बॅगा. दुसऱ्या पंथाचे ख्रिस्ती! आम्ही चुकीच्या वाटेवर आहोत, हे समजावून सांगायला आलेले. मागच्या वेळी ते दुपारपर्यंत बसले होते आणि पोहे दोनदा झाले होते.

आई हलक्या आवाजात म्हणाली, "कुणी बोलू नका."

मी मोबाइल उशीखाली कोंबला. दार पुन्हा वाजलं. पुन्हा वाजलं. अप्पांना खोटं बोलणं अजिबात जमत नाही आणि शांत बसणंही जमत नाही. ते आतून मोठ्यानं ओरडले,

"घरात कोण न्हाई!"

बाहेरून आवाज आला, "बरं भाऊ, परत येतो!"

*

संकेश्वरच्या पलीकडच्या एका गावात मात्र हसायची वेळ नव्हती. मोटरसायकलीवरून काही पोरं आली आणि आम्हाला घेरून उभी राहिली. एकानं मोबाइल काढला. "लोकांचा धर्म बदलाय आलाय व्हय? नाव सांगा. कॅमेऱ्यात बघून सांगा!"

पास्टरअण्णांनी हात जोडले. "कुणाला नको असेल तर आम्ही बोलत नाही. निघतो आम्ही." पण पोरं वाट सोडेनात. मी ओढणीनं तोंड झाकून घेतलं. डोळ्यांसमोर फक्त एकच गोष्ट. हा व्हिडिओ आक्का बघणार.

मार्थामावशी पुढं झाल्या. पदर सारखा केला. "चालू हाय न्हवं? बरं. माझं नाव मार्था. माझा जन्म झाला तवा माझी आई..."

आणि सुरू झाल्या! बालपण, गोवर, बापाची दारू, नर्सिंगचं हॉस्टेल, हॉस्टेलमधली वार्डन. पोरगं मोबाइल धरून उभं. जरा वेळानं त्यानं हात बदलला. मग दोन्ही हातांनी धरला. मागची पोरं एकेक करून कट्ट्यावर बसली. मावशींना आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा मिळाला होता.

शेवटी ते पोरगं काकुळतीला आलं. "मावशी, जरा थोडक्यात सांगा की!"

"थोडक्यात कसं रं?" मावशी उखडल्या. "अजून माझं लगीन झालेलं न्हाई!"

पोरांनी आम्हाला बसस्टॉपपर्यंत सोडलं. व्हिडिओ मात्र त्यांनी टाकलाच. आम्ही सगळे मिळून आजवर जेवढ्या दारांत गेलो नसू, तेवढ्या मोबाइलांत मावशींची साक्ष पोचली. सोमवारी पाटीलसरांनी जेवताना तो लावला. मी घास तोंडात धरून बसले.

"मावशी भारी बोलत्यात हां," सर म्हणाले. मग स्क्रीनवर बोट ठेवलं. "पण मागं ही तोंड झाकलेली कोण? खरी डेंजर हीच दिसती!"

*

त्यानंतर पास्टरअण्णा म्हणाले, "सरिता, आता वडगाव राहिलंय."

मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. रविवारी ठरलेल्या वेळी खरंच दुखायला लागलं. खोलीचं दार लावलं, कडी घातली, खाटेवर पाय वर घेऊन बसले. निपाणीला परत जावं लागलं तर नोकरीचं काय, सामान कुठं ठेवायचं, सगळं मनात झालं. खाली माग चालू होते. त्या खडखडाटाची मला सवय झालीय. दचकवते ती शांतता.

आणि माग थांबले.

खालून मार्थामावशींचा आवाज आला. जिन्यातून सगळं वर येत होतं. त्यांनी मला कधी पाहिलंच नाही अशा थाटात त्या बोलत होत्या. येशूबद्दल सांगितलं, पत्रिका पुढे केली असावी. मग पास्टरअण्णा म्हणाले, "वर पण कुणी राहतं का?"

मी पाय आणखी पोटाशी ओढले.

"वर नगा जाऊ," आक्कांचा आवाज. "वर एक पोरगी ऱ्हाती. दार वाजलं की दचकती. आणा तो कागद हिकडं, मीच दिऊन येतो." (आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो, आलो, गेलो'च म्हणतात. कॉलेजात मराठीच्या मॅडमनी माझं ते मोठ्या कष्टानं घालवलं.)

जिन्यावर पावलं. दार वाजलं.

"सरिता? हाईस न्हवं? चप्पल तर भाईर हाय तुझी!"

मी कडी काढली. आक्का उभ्या. केसांत रेशमाचा धागा अडकलेला, हातात आमची पत्रिका. मराठीतली.

"येशूवालं आलतं खाली," त्या म्हणाल्या. "बरी माणसं वाटली. मला काय बारीक अक्षर दिसत न्हाई. तू वाच. तू दर आयतवारी ते जाड पुस्तक पिशवीत घालून घिऊन जातीस, तेच्यातलंच असंल बग."

त्यांनी पुढे केलेली पत्रिका माझ्या हातातून खाली पडली. मी कसंबसं म्हटलं, "आक्का... खोली..."

"काय झालं खोलीला? गळाय लागली व्हय?" त्यांनी वर छताकडं पाहिलं. मग वाकून पत्रिका उचलली, माझ्या हातात नीट कोंबली आणि जिना उतरायला लागल्या. अर्ध्यावर थांबून त्यांनी वळून पाहिलं. मी अजून एका हातानं दार धरून उभी.

"आन् एवढी घाबरतीस कशाला गं? मी काय तुला बाटवाय आलो न्हाई!"