उसनवारीच्या गोळ्या

माझी आत्या गोळ्या उसन्या द्यायची-घ्यायची, विरजण द्यावं-घ्यावं तशा. कुरुंद्यात तिच्या गल्लीत कुणाचं डोकं दुखलं की तिच्याकडून गोळी जाई. तिचे गुडघे धरले की शेजारच्या सरुबाईकडून येई. रंग जुळला म्हणजे औषध जुळलं, असा तिचा हिशेब. कळमनुरीला माझं औषधांचं दुकान. तुझ्या पिशवीत माझ्या दुकानापेक्षा जास्त माल आहे, असं मी चिडून म्हणायचो. तिला ते कौतुक वाटायचं.

एकदा ती गुडघ्याची गोळी वाटून, हळदीत कालवून गुडघ्याला लावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोटात टाकलेली गोळी गुडघ्याला काहून जाईल? तिला वाट कोन दावते?"

मी बैठक मारून समजावलं. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते, आधी यकृतात जाते, तिथं तिचा काही भाग मोडतो आणि उरलेली रक्ताबरोबर अंगभर फिरते. वाट कुणी दाखवत नाही, ती सगळीकडंच जाते.

तिनं शांतपणे ऐकलं. "मंग सगळीकडं वाटून माझ्या गुडघ्याला काय उरलं?"

मी उठून तिच्या शेळ्यांकडं गेलो.

थायरॉईडची गोळी ती चहासोबत घ्यायची. चहानं ती अंगात नीट शोषली जात नाही, असं सांगितलं तर मी तिचा चहा तोडायला निघालोय असं तिनं गल्लीभर केलं.

पुढं तिच्या हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची मागं लागली. तेव्हा मात्र मी घाबरलो. तिला बजावलं, ही गोळी रक्तातल्या प्रथिनांवर बसून फिरते, जीपच्या सीटवर बसावं तशी. गुडघ्याची गोळी हिला सीटवरून उठवू शकते, मग ही मोकळी सुटून जास्त जोर करते. वर गुडघ्याची गोळी जठराला जखम करते, आणि मग रक्त थांबत नाही. "कळलं," ती म्हणाली, "वसमतच्या जीपीत रोज हेच व्हते." मला वाटलं, सुटलो.

त्याच थंडीत ती शेळ्यांच्या गोठ्यात चक्कर येऊन पडली. पोटातल्या रक्तानं संडासला काळं होत होतं, हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. नांदेडला नेलं, रक्त चढवलं. दुसरं काही घेतलं का, असं डॉक्टरांनी विचारलं, मी विचारलं. ती नाही म्हणून तोंड फिरवून पडली. इतका राग आला की मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. तिथंच सरुबाईचा फोन आला. रडत होती. गुडघ्याची गोळी तीच रोज देत होती.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरलेली दिसली.

"गोळी म्या मागितली," ती म्हणाली. "तिचं नाव घेऊ नको. उद्या मला काही झालं तर लोकं म्हनतील, सरुनं मारलं."

मी डॉक्टरांना गोळीचं नाव सांगितलं, माणसाचं नाही. त्यांनी उपचार बदलले आणि आत्या वाचली.

आत्या घरी आली, पण सरुबाई तिच्या दाराकडं फिरकेना. शेवटी आत्याच काठी टेकत तिच्याकडं गेली आणि दुपारभर गप्पा मारून आली. गोळ्यांची देवघेव मात्र दोघींनी बंद केली. मी सांगून नव्हे. सरुबाईनं शपथ घातली म्हणून. पुढं काही वर्षांनी आत्या हृदयाच्या दुखण्यानंच गेली. त्यात कुठल्या गोळीचा दोष नव्हता.

दुसरी औषधं चालू आहेत का, असं मी पूर्वी गिऱ्हाइकांना विचारायचो. सगळे नाही म्हणायचे. आता विचारतो, "शेजारणीनं काही दिलंय का?" लोक ओशाळं हसतात आणि व्हय म्हणतात. परवा एका म्हातारीनं पदराची गाठ सोडून काउंटरवर रंगीबेरंगी गोळ्या ओतल्या. ही जावेची, ही लाल किराणावाल्याच्या आईची, असं कौतुकानं सांगू लागली. मला आत्याचा असा राग आला, की कपाट लावतोय असं दाखवत मी थोडा वेळ पाठमोराच उभा राहिलो. मग म्हातारीला बसायला स्टूल दिलं आणि एकेक गोळी वेगळी करायला घेतली.