तबकात उरलेला फ्यूज

सुनंदाताईंचं नाव आधी लिहिते, मग काय झालं ते. त्या नसत्या तर मी आज लालबागमध्ये नसते, कधीच गडचिरोलीला परत गेले असते.

मी आठवी शिकलेली, पण चमत्काराच्या असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या गावात कुणी काही दिसलं म्हणालं की मी हसायचे. आता हसू येत नाही... कारण हे माझ्याच हातून घडलंय.

आमचं वर्कशॉप चाळीच्या तळमजल्यावर. मालक मालवणचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. बॅटरीचे डबे बनवायचे, दुरुस्त करायचे. सोल्डरिंग मला परळच्या सुनंदाताईंनी शिकवलं. डबा बाहेर जाण्याआधी शेवटचं चेकिंग त्यांचंच.

मुंबईबाहेरच्या एका ग्लायडर क्लबचा डबा दुरुस्तीला आला होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान — पांढरं, सडपातळ. मोठ्या विमानाच्या पायलटला ते नुसत्या डोळ्यांनी दिसणं कठीण. म्हणून त्यात ट्रान्सपॉन्डर असतो, तो रडारला सांगत राहतो, मी इथे आहे. आमच्या डब्यावर तोच चालायचा.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना सुट्टी. पूजेआधी प्रत्येक मशीनचा फ्यूज काढून तबकात, देवापुढे ठेवायचा — चुकूनही कुणी चालू करू नये म्हणून. ताई आदल्या दिवशीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेल्या. मी एकटीच फ्यूज काढत सुटले, आणि त्या भरात ग्लायडरच्या उघड्या डब्यातलाही काढला. संध्याकाळी क्लबचा ड्रायव्हर अचानक दारात! घाईत झाकण लावलं, चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला — मध्ये कुणी उघडला तर कळावं म्हणून — आणि दिला डबा.

दसऱ्यानंतर वर्कशॉप उघडलं. एकेक फ्यूज परत बसवला. तबकात एक उरला.

मी तशीच ताईंकडे धावले. ताई त्याच सकाळी नागपूरहून आलेल्या.

"ताई, तो ग्लायडरचा डबा... बिनफ्यूजचा गेला. ट्रान्सपॉन्डर बंदच राहणार."

त्यांनी लगेच क्लबला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, ग्लायडर पाऊण तास झाला वर आहे. मग असे ओरडले की मला लांबून ऐकू आलं, "कोणाचं काम हे?"

"शेवटचं चेकिंग माझं असतं. चूक माझी," ताई म्हणाल्या. "आधी त्यांना खाली बोलवा."

अहो, त्या दिवशी त्या मुंबईतही नव्हत्या!

मी कोपऱ्यात रडत बसले. कुणाचा तरी जीव माझ्यामुळे... मामा पाणी घेऊन आले. "गो, रडतंस कित्याक? फोन येवंदे आधी."

वीस मिनिटांनी आला. पायलट सुखरूप उतरला होता, उलट वैतागलेला. मस्त वर चाललो होतो, कशाला उतरवलंत? ट्रान्सपॉन्डरचा दिवा तर पहिल्यापासून चालू होता. थोड्या वेळापूर्वी एक प्रवासी विमान त्याच्याच दिशेने उतरत होतं. विमानतळाच्या कंट्रोलने याला रडारवर बघूनच ते वळवलं होतं.

चौथ्या दिवशी डबा तपासायला परत आला. वरचा नंबर माझ्याच अक्षरातला. चारही ठिपके जसेच्या तसे. ताईंनी उघडला — फ्यूजची जागा रिकामी. मीटर लावला, शून्य. तार न् तार बघितली. कुठे काही चिकटलेलं नाही, जळलेलं नाही.

"देवान राखल्यान," मामा म्हणाले.

"देवाबिवाचं काही नाही, मामा. कारण असणारच. मला सापडत नाहीये एवढंच."

"मगे तुका सापडापर्यंत मी देवच म्हणतलंय!"

ताईसुद्धा हसल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा डबा पूजेत ठेवायचा नाही, असा ताईंचा नियम आहे. मामांनीही तो मुकाट मानलाय.

कारण अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. मी घाबरटच आहे, डबा बंद करताना आजही तीनदा बघते. पण नोकरी टिकली, हात बसलाय, घरी आईला फोनवर सांगायला चांगलं असतं... सुखात आहे म्हणायचं.

तुमचे उपकार कसे फेडू विचारलं की ताई म्हणतात, "काम नीट कर, पुरे झालं." नाही ताई, पुरे नाही. तुमच्या हातूनही कधीतरी काही चुकेल. त्या दिवशी मी पुढे होऊन माझं नाव सांगणार आहे. तेव्हा मला अडवायचं नाही.