निळ्या पेन्सिलीचं ‘पुन्हा’

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या स्टँडवर बसमधून उतरत होते. कॉलेजचा शिपाई सांगत होता, अमरावतीला, राहत्या घरी, मेंदूत रक्तस्राव. माझ्या तोंडून निघालं, “नक्की का? कोणी सांगितलं? आणखी कोणाला विचारलंस?” फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे तर सरांचंच बोलणं. नऊ वर्षं एका इमारतीत काढल्यावर एवढी लागण होणारच.

आमचं कॉलेज व्यवसाय शिक्षणाचं. खाली वर्कशॉप, तिथे सर मुलांना लेथवर लोखंड कापायला शिकवायचे. वर माझा वर्ग, दवाखान्यात मदतनीस होणाऱ्या मुलींचा. सर मूळ अंजनगाव सुर्जीचे, घर अमरावतीला. सोमवारी अकोल्याला यायचे, शनिवारी परत. संशय त्यांच्या हाडीमाशी भिनलेला. भिंतीवरचं घड्याळ ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहत आणि मग दोन्हींवर अविश्वास दाखवत. मुलांना मोजायला सळया द्यायचे त्या दिसायला सारख्या, पण प्रत्येक जरा जरा वेगळी कापलेली. चार वह्यांत एकच माप उतरलं की सरांचा चेहरा खुलायचा... चोर सापडले! मग त्या मापावर निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द : ‘पुन्हा’.

एका बुधवारी ते माझ्या वर्गात आले आणि लोखंडी स्टुलावर बसून त्यांनी बाही वर सारली. मुली बी.पी. मोजायला शिकत होत्या, पण एकमेकींचंच मोजून मोजून वहीत सगळीकडे एकशेवीस-ऐंशी झालं होतं. एकीनं सरांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि तोच आकडा लिहिला.

“काहून वं पोरी,” सर म्हणाले, “मी दोन डाव जिना चढून-उतरून आलो, छाती धपापून राहिली, अन् तुह्या यंत्रात एकशेवीस-ऐंशीच?”

पोरगी रडायला लागली. मला भयंकर राग आला. त्या वर्षी एखादा कोर्स बंद होणार अशी कुजबुज होती, आणि हा माणूस माझा कोर्स बुडवायला पुरावे गोळा करतोय, अशी माझी खात्रीच झाली. मी म्हटलं, “सर, माझ्या वर्गाचं मी पाहते.” ते म्हणाले, “पाहा ना. मी कुठं नाई म्हणून राहिलो? पण पोट्टीनं आवाज ऐकलाच नाई, आकडा लिवला.” ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तेव्हापासून दर बुधवारी अकराला ते येत राहिले, आणि ते कुठे पाहतात, कोणाशी काय बोलतात यावर मी डोळा ठेवू लागले. एकदा तर ऑफिसच्या क्लार्कला आडून विचारलंही, माझ्याविरुद्ध काही अर्ज आलाय का? आला नव्हता. तरी मी मनात म्हटलं, तोंडी सांगितलं असेल! आज लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात तपासणी समिती यायची होती, तो दिवस. मी फायलींत बुडालेली. सर आले, स्टुलावर बसले. “मॅडम, डोकं जड वाटून राहिलं. पोरींले नका सांगू, तुमीच पाहा.” मी पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, फुगा दाबला आणि तेवढ्यात खालून प्राचार्यांनी हाक मारली. हवा सुटून गेली. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. ...आणि मी चिठ्ठीवर आकडा लिहिला. एकशेवीस-ऐंशी नाही, तो त्यांनी लगेच पकडला असता. एकशेअठ्ठावीस-ब्याऐंशी. मोजल्यासारखा दिसणारा.

त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आता म्हणतील ‘पुन्हा’, असं मला वाटलं. त्यांनी घडी करून ती खिशात ठेवली. “तुमी पाह्यलं, मंग झालं,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. उद्या नीट मोजू, असं मी ठरवलं. तो उद्या मी कधी उजाडू दिला नाही, कारण नीट मोजायचं तर आधीचं खोटं होतं हे सांगावं लागलं असतं.

तेरावं झाल्यावर मी अमरावतीला गेले. वानखडे वहिनींनी सरांची हत्यारांची पेटी कॉलेजसाठी माझ्याकडे दिली. बोलता बोलता म्हणाल्या, “डॉक्टर म्हणे, बी.पी. लय दिवसांपासून वाढेल असन. मी कितीक डाव म्हटलं, दाखवून या. तं म्हणत, आमच्या मॅडमनं पाह्यलं, नार्मल हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. पेटी उचलली आणि निघाले.

पेटी मी अकोल्याला येऊन उघडली. माप घ्यायचं व्हर्नियर, कानस, निळी पेन्सिल, तेलाचा डाग पडलेली वही. वहीत पानोपानी निळं ‘पुन्हा’. चष्म्याच्या नंबराच्या कागदावर ‘पुन्हा’, दिनदर्शिकेतल्या सूर्योदयाच्या वेळेवरसुद्धा ‘पुन्हा’. आणि वहीच्या शेवटच्या पानात माझी चिठ्ठी, चार घड्यांची. तिच्यावर मात्र पेन्सिल टेकलेली नव्हती. दोन्ही बाजूंनी पाहिली, उजेडात धरून पाहिली. निळी रेघ कुठेच नव्हती. साऱ्या जगावर संशय घेतलेल्या माणसानं एकदा कोणावर तरी विश्वास ठेवला, आणि ती मी होते.

खरा आकडा लिहिला असता तर ते वाचले असते का, मला माहीत नाही. माहीत नाही असं म्हणणं सोयीचं आहे, तेही कळतं. वहिनी रविवारी हा पेपर वाचतात. त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बुधवारी अकराला मुलींनी स्टूल पुढे ओढून ठेवलं होतं, सवयीनं. मी ती चिठ्ठी समोरच्या फळ्यावर चिकटवली आणि ती कोणाची, तो आकडा कसा आला, ते मुलींना सगळं सांगितलं. मग सरांच्या निळ्या पेन्सिलीनं, त्यांनी लिहायला हवा होता तो शब्द त्या आकड्यावर मी लिहिला, आणि स्टुलावर बसून बी.पी. मोजायला पहिल्या मुलीपुढे माझा हात केला.