गप्प बाबा आणि जुनं इंजिन

भांडायला मला कारण लागत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. त्या दिवशी मात्र कारण होतं. बंगळूरला राहणारा माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ते इंजिन भंगारात देऊन टाक. होडी पण काढून टाक. बाबांना आता त्यातलं काय कळणार आहे?" फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि माझं डोकं फिरलं.

बाबांना लकवा झाला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढत चालायचे. पण खरा घाव बसला तो बोलण्यावर. डोक्यात शब्द बरोबर असायचा, तोंडातून भलताच निघायचा. चहा मागायला जायचे आणि चावी मागायचे. एकदा पाहुण्यांसमोर तसं झालं, कुणीतरी हसलं, आणि त्या दिवसापासून बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. हिमायतनगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की, बोलत राहिले तर पुष्कळसं परत येईल, गप्प बसले तर उरलंय तेही जाईल. मी कमळ-बदकाची चित्रं असलेले तक्ते आणले. बाबांनी ते उलटे करून ठेवले. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला बदक म्हणायला लावत होते मी! त्यांच्या जागी मी असते तर तक्ते फाडूनच टाकले असते.

तर ते इंजिन. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं छोटं मशीन. वर डोकं, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. शहरापासून दोनेक तासांवरच्या एका जलाशयावर बाबांची नेमणूक होती तेव्हा त्यांनी ते होडीसकट जुनंच विकत घेतलं. पुढे बदली होऊन शहरात काचीगुड्याला घर झालं, तरी त्यांचे रविवार तिकडेच जायचे. संध्याकाळी पिशवीतून मरळ मासळी यायची. इथे सगळे तिला कोरमीन म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. दर पावसाळ्यात इंजिन घरी आणून मागच्या अंगणात ते उघडायचे, आणि आई म्हणायची, "माझं शिलाई मशीन बिघडून सहा महिने झाले, त्याला कोणी हात लावंना."

फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, "इंजिन मी चालू करणार."

"तू? तुला मिक्सरचं झाकण बसवायला येईना."

"बाबा सांगतील की."

"ते कुठं बोलायलेत, बाई."

"तेच तर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आबिड्सच्या ऑफिसातून परतताना पाने आणि पेचकस घेऊन आले. अंगणातल्या लाकडी घोडीवर इंजिन चढवलं, बाबांची खुर्ची समोर आणून ठेवली आणि वरचं झाकण काढलं. इतका वेळ बाबा कुंपणाकडे बघत होते. मी पहिला स्क्रू काढून खिशात टाकला, आणि खुर्चीच्या हातावर टक् टक् आवाज झाला.

त्यांची रीत मला आठवत होती. काढलेला प्रत्येक भाग जुन्या धोतराच्या फडक्यावर डावीकडून उजवीकडे, निघाला त्या क्रमाने मांडायचा, आणि बसवताना उजवीकडून सुरुवात करायची. मी मुद्दाम म्हटलं, "काय? टकटक मला कळत नाही. बोला." ते बोलले नाहीत. मीही खिशातला स्क्रू काढला नाही. शेवटी आईच फडकं घेऊन आली आणि म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे."

पुढचे कित्येक रविवार असेच गेले. कार्ब्युरेटर उघडला तर जुनं पेट्रोल आटून आत पाकासारखं चिकटलेलं. त्यातली सुईच्या टोकाएवढी भोकं मोकळी करता करता माझी पाठ मोडली. खालच्या गिअरचं तेल सोडलं तर ते ताकासारखं पांढरं निघालं. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यावरून मला समजलं की आत पाणी शिरलंय, सील गेलंय. पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा तर कडक होऊन एकाच बाजूला वाकला होता. इंजिन थंड ठेवणारं पाणी तोच वर चढवतो. राणीगंजच्या दुकानदारानं तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो म्यूजियम में रखो." मी त्याच्याशी भांडले. मग कोचीहून पार्सलनं मागवला.

मधल्या काळात जलाशयावर जाऊन होडीही बघून आले. ती काठावर उपडी पडली होती, तळाला तडा गेला होता. फायबरचं कापड आणि रेझिन लावून तो बुजवला. पहिल्या खेपेला रेझिनमध्ये हार्डनर कमी पडला आणि ते दिवसभर चिकटच राहिलं. सगळं खरवडून पुन्हा केलं. हाताची सालटं निघाली. भाऊ फोनवर म्हणाला, "तुला वेड लागलंय." मी म्हटलं, "हौ, लागलंय. ठेव फोन."

आणि इतकं सगळं होऊनही बाबा गप्पच. चुकलं की टकटक, बरोबर असलं की काहीच नाही. रात्री मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची. इंजिन चालू झालं आणि बाबा तरीही बोलले नाहीत, तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

दसऱ्याच्या आठवड्यात पाण्यानं भरलेल्या निळ्या ड्रममध्ये इंजिनाचा पाय बुडवून मी दोरी ओढली. खांदा निखळायची वेळ आली तेव्हा ते खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. झाकणाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. ती पिचकारी म्हणजे पंप चालतोय याची खूण. बाबांनी डावा हात वर केला. मी कान टवकारले. शब्द आला नाही.

खंडेनवमीला आईनं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, कात्री, शिलाई मशीन, माझी स्कूटर, माझा ऑफिसचा लॅपटॉप आणि इंजिन. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. दसऱ्याला सकाळी तिनं निर्माल्य काढलं, आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गाडी करून, इंजिन घेऊन जलाशयावर गेलो.

काठावरच्या म्हाताऱ्या कोळ्यानं बाबांना ओळखलं. "बागुन्नारा, सार?" त्यानं तेलुगूत खुशाली विचारली. बाबांनी नुसती मान हलवली. त्यानं आणि त्याच्या मुलांनी बाबांना खुर्चीसकट उचलून होडीत नेलं आणि मधल्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून बसवलं. आई काठावरच राहिली. पाण्यावर तिचा विश्वास नाही. मागच्या फळीला अडकवलेलं इंजिन तिसऱ्या ओढीला चालू झालं. इंजिनाचा वळवायचा दांडा हातात धरून मी होडी खोल पाण्याकडे वळवली. तोंडावर वारा लागला आणि मला फारच भारी वाटलं. भावाला व्हिडिओ पाठवायचा, त्यात काय काय बोलायचं, हे सगळं मी ठरवून टाकलं.

म्हणून बाबा फळीवर हात आपटताहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. इंजिनाच्या आवाजात टकटक कुठली ऐकू येणार?

"बंद कर!"

मला आधी वाटलं, दुसऱ्या होडीतून कुणी ओरडतंय.

"बंद कर! पाणी! पाणी नाही, बंद कर, गाढवे!"

मी बटण दाबलं. एकदम शांत झालं. होडी आपल्याच वेगानं थोडी पुढे सरकत राहिली. बाबांचा चेहरा लाल झाला होता आणि डावा हात इंजिनाकडे रोखलेला होता. पिचकारी उडत नव्हती.

"बघत नाहीस? कुठं बघत होतीस? कुकर तापला असता!"

कुकर. त्यांनाही ते कळलं. क्षणभर ओठ थांबले. आता मिटतील, मला वाटलं. पण राग मोठा होता. "कुकर नाही... ते... हे! हे जळलं असतं! तार घाल. भोकात. तार!"

गळाच्या डब्यातली तार काढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे भोक दिसेना. "रडायलीस कशाला? आधी तार घाल," बाबा म्हणाले. तारेचं टोक वाकवून आत फिरवलं आणि ओढलं, तशी एक हिरवी ओली काडी बाहेर आली. झेंडूचा देठ. आईला इंजिनावर फूल ठेवायला जागा सापडली नव्हती, म्हणून तिनं ते नेमकं त्या भोकात खोचलं होतं. निर्माल्य काढताना फूल हातात आलं आणि देठ आतच तुटून राहिला. मी झाकणाला हात लावून पाहिला. इंजिन तापलंच नव्हतं. पंप व्यवस्थित चालत होता, फक्त खूण बुजली होती.

बाबांनी देठ हातात घेतला आणि निरखून पाहिला. "तुझी आई," ते म्हणाले, आणि हसायला लागले. वाकड्या तोंडानं, लाळ पुसत, पोट हलेपर्यंत.

इंजिन पुन्हा चालू केलं. पिचकारी उडाली. परतीच्या वाटेवर बाबा एकसारखे मला रागावत होते. दांडा घट्ट धरू नकोस. वेग कमी कर. तिकडे दगड... नाही, तिकडे जाळं आहे, कळत नाही का. मध्येच 'डावीकडे' म्हणायचं असताना त्यांनी 'मंगळवार' म्हटलं, स्वतःच चडफडले आणि पुढे बोलत राहिले. काठावरून आईनं हाक मारली, "काय झालं? कशाला ओरडायलात?" आणि मग ओरडणारे कोण, ते तिच्याच लक्षात आलं.

मी उडी मारून पाण्यात उतरले, दोरी घेतली आणि होडी खुंटीला बांधली. "ही गाठ आहे का?" बाबा मागून कडाडले. "सुटेल ती! वरून घे. वरून! आता खालून. इतकी मोठी झालीस, अजून गाठ मारता येत नाही?"

मी ती सोडली आणि पुन्हा चुकीचीच मारली. ती गाठ मला दहा वर्षांची असल्यापासून येते.